करंट बंद असताना दिसलेला कागद

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर फक्त खोडून काढायला वाचले. माझे बाबा पिंपरीत विहाराबाहेर उभं राहून पत्रकं वाटायचे – भानामती, अंगात येणं, ताईत-गंडे, सगळ्यांच्या विरोधात. त्यांच्या प्रुफांवर बोट फिरवत मी वाचायला शिकले. त्यामुळे आधीच सांगते, खालच्या मजकुराचा कुणी बुवा-बापूनं चमत्कार म्हणून वापर केला, तर पहिलं पत्रक मी काढेन.

२०२१. मी रॉटरडॅमशेजारी कापेल आन डेन आयसेलला राहायचे, पीएचडीचं दुसरं वर्ष. भारतात दुसरी लाट होती. आठ दिवस दादा फोनवर सांगत राहिला, "साधा ताप आहे, बाबा झोपलेत." नवव्या दिवशी फोन आला तो अंत्यसंस्कार आटोपल्यावर. "खोटारडा आहेस तू," एवढं बोलून मी फोन ठेवला. चार महिने त्याच्याशी बोलले नाही. आई विनवायची, "अगं, एकच भाऊ आहे तुला." मी विषय बदलायचे. रागानं दात इतके आवळले जायचे की जबडा दुखायचा.

माझी सहकारी आनेके एक प्रयोग करत होती. डोक्याला बाहेरून अगदी सौम्य करंट दिला, तर माणसाला भावना आवरणं सोपं जातं का? कोविडमुळे तिला माणसं मिळेनात.

"ये ना, कॉफी पाजते."

"डिपार्टमेंटच्या मशीनची? मग नको," मी म्हटलं… पण गेले.

मंगळवार, सकाळचे अकरा. खिडकी सताड उघडी, आनेकेच्या तोंडाला मास्क. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज तिनं रबरी पट्ट्यानं माझ्या कपाळावर बसवले. सुरुवातीला मुंग्या आल्या, मग काहीच नाही. काम सोपं होतं – ज्या प्रसंगाचा राग येतो तो आठवायचा, आणि मग तिथल्या दुसऱ्या माणसाच्या जागी उभं राहून तो पाहायचा.

मी नाइलाजानं दादाच्या जागी उभी राहिले. आणि मला दिसलं… कल्पना करतो तसं नाही, समोर असल्यासारखं. माझ्या हातांत निळे हातमोजे, एकाचा अंगठा फाटलेला. बाबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी गोळ्यांचा खोका उलगडला आणि आतल्या कोऱ्या बाजूवर हिरव्या स्केचपेननं लिहिलं – "तिला कळवू नको. मिळेल त्या विमानानं निघेल, मध्येच अडकेल."

"रागाला नऊपैकी किती?" आनेकेनं विचारलं.

"मघाशी आठ होता. आता माहीत नाही."

"माहीत नाही असा आकडा नाही माझ्याकडे," ती म्हणाली.

त्याच दुपारी दादाला फोन लावला.

"काय गं, संपलं का माझ्याविरुद्धचं आंदोलन?"

"बाबांनी तुला खोक्यावर लिहून दिलं होतं? हिरव्या पेननं?"

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"आईलासुद्धा सांगितलं नाही मी," तो म्हणाला. "तुला कोण बोललं? ती सिस्टर?"

"मी कुठे ओळखते तिथे कुणाला?"

"फाडून टाकला मी तो. जन्मभर 'काही लपवू नका' सांगणारा माणूस, जाताना मलाच लपवायला लावून गेला. म्हटलं, तू माझ्यावरच चीड. बाबा तुझ्यासाठी होते तसेच राहू देत."

फाटक्या हातमोज्याचं मात्र त्याला काही आठवेना. तेही इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

प्रयोग संपल्यावर आनेकेनं याद्या उघडल्या. निम्म्या लोकांना खरा करंट दिला होता आणि निम्म्यांना नुसता भास – पहिलं अर्धं मिनिट मुंग्या, मग यंत्र बंद. मी दुसऱ्या यादीत होते. म्हणजे 'करंटमुळे झालं' म्हणायचीही सोय नाही. बाबांचा स्वभाव ओळखून मी अंदाज केला असेल, मान्य. पण खोका? हिरवा रंग? प्रुफं ते कायम लाल पेननं तपासायचे.

हे छापायला देण्याआधी दादानं आईला सगळं सांगितलं. तिनं मला फोन केला.

"तुला कसं दिसलं ते राहू दे बाजूला. चार महिने पोरानं ते एकट्यानं पोटात ठेवलं, त्याचं काय?"