गाडी माझ्या नावावर होती

परक्या मुलखात माणूस लय शहाणा होतो. मस्कतला गेल्यावर मी सहा-सात महिने कंपनीच्या बसनं कामावर गेलो, मग एक जुनी गाडी घेतली. आधी तिकडचं लायसन्स काढावं लागलं. परभणी-सेलू रस्त्यावर पंधरा वर्षं गाडी हाकलेला मी, कालच्या पोरांसोबत रांगेत उभं राहून परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात नापास झालो. इथं परभणीत कुणी नापास केलं असतं तर टेबलावर हात आपटून भांडलो असतो. तिकडं मान खाली घालून पुढची तारीख घेतली. मग विमा, मग गाडीची तपासणी, मग नोंदणी. नोंदणीच्या कार्डाला तिकडं मुल्किया म्हणतात. ते हातात पडल्याबरोबर मी त्याचा फोटो काढून घरी पाठवला, जणू काही पोराचा निकाल लागलाय.

विमा संपायच्या महिनाभर आधी मी फोनमध्ये आठवण लावून ठेवायचो. एका वर्षी जुना विमा रात्री संपला आणि नवा कागद दुपारपर्यंत येणार होता, तर तेवढ्यासाठी मी गाडी जागेवरून हलवली नाही, टॅक्सीनं कामावर गेलो. सोबतचे हसले. मी त्यांना डबा खाता खाता कायद्यावर भाषण दिलं. बिनाविम्याची गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं, असंही काहीतरी बोललो. ते भाषण आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

कारण त्याच वेळी इकडं वालूरला आमच्या कापड दुकानासमोर माझ्याच नावाची दुसरी गाडी उभी होती.

ती मी जायच्या तीन वर्षं आधी घेतलेली. नोंदणी माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर, फोन नंबर माझा. मी निघालो तेव्हा गाडी धाकट्या भावाच्या नावावर करून द्यायचं माझ्या मनात होतं. दुकानाचा माल तोच आणणार, चालवणार तोच. परभणीला जाऊन आरटीओचे फॉर्म आणले, भावाची सहीसुद्धा घेतली. फॉर्म घरात दिसले आणि आमचे नाना, म्हणजे वडील, जेवता जेवता थांबले. त्यांना वाटलं मी वेगळा निघायलोय. आमच्याकडं भावाभावात कशावरचंही नाव बदललं की गावात एकच अर्थ निघतो, वाटणी झाली. लोक दुकानात येऊन कापड बघायच्या आधी तेच विचारतात.

"आज गाडीवरचं नाव काढायलास, उद्या घरावरचं काढा म्हणशील," नाना म्हणाले. "तू तिकडं असलास तरी नाव इथंच ऱ्हाऊ दे."

खोटं कशाला सांगू, मला लय बरं वाटलं. आपण एवढ्या लांब चाललोय आणि बापाला आपलं नाव घरात हवंय. मी फॉर्म फाडून टाकले. भाऊही खूश झाला. त्यालाही वाटण्या-बिटण्यांचं नाव नको होतं. त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांचे डोळे भरून आले आणि कायद्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पहिल्या वर्षी विमा मीच जाण्याआधी भरलेला होता. दुसऱ्या वर्षी एजंटनं माझ्या जुन्या नंबरवर मेसेज केले असणार. तो नंबर मी रिचार्ज करायचा सोडून दिला होता, मस्कतला बसून परभणीचा नंबर कशाला जिवंत ठेवायचा म्हणून. भावाला वाटलं, विमा दादाच्या नावावर आहे तर दादा तिकडून मोबाईलवर भरत असेल. मला वाटलं, गाडी तो वापरतोय तर तो भरत असेल. आम्ही आठवड्याला तीनदा फोनवर बोलायचो. दुकान, नानांचं गुडघेदुखणं, कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, सगळं बोललो. विम्याचा शब्द कधी निघाला नाही.

पुढं जे झालं ते ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी झालं. भाऊ सासुरवाडीला चालला होता. ताडकळसच्या अलीकडं एक माणूस सायकलवर दोरखंडांचा भारा बांधून बाजाराला निघालेला. कासरे, दावी, बैलांच्या वेसणी, असा माल. आठवडी बाजार करणारा माणूस, रोज एका गावाला. समोरून ट्रॅक्टर आला, भावानं गाडी डावीकडं घेतली आणि सायकल खाली आली. पळून गेला नाही, एवढं एक त्यानं बरं केलं. त्याच गाडीत त्या माणसाला घालून परभणीच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस गेला.

मला फोन आला तेव्हा माझी जेवणाची सुट्टी होती. भाऊ रडत होता. पोलिसांनी जबाब घेतला, गाडी ठाण्यात लावली, सगळं सांगितलं त्यानं. मी म्हणालो, घाबरू नको, माणूस गेला हे लय वाईट झालं पण त्याच्या घरच्यांना विम्यातून तरी काहीतरी मिळंल. मग तो जरा सावरला आणि म्हणाला,

"दादा, तेवढा इन्शुरन्सचा नवा कागद पाठव की. गाडीतला जुना हाय, पोलीस चालत न्हाई म्हणतेत."

मी हातातला घास डब्यात परत ठेवला. तो तिकडून हॅलो हॅलो करत राहिला. मी का बोलत नाही हे त्याला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यानंच फोन ठेवला. विमा संपून चौदा महिने झाले होते.

भावाला जामीन मिळाला. गेलेल्या माणसाच्या बायकोनं परभणीच्या कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला. विमा असता तर कंपनी सामनेवाली झाली असती. विमा नाही म्हणल्यावर सामनेवाले दोघंच, गाडी चालवणारा म्हणून भाऊ आणि मालक म्हणून मी. नोटीस वालूरच्या पत्त्यावर माझ्या नावानं आली. नानांनी ती दुकानात घेतली, सही केली, आणि गिऱ्हाईकाला कापड फाडून दिलं म्हणे.

मी रजा काढून आलो. आमच्या वकिलानं सगळे कागद बघितले आणि मार्ग काढला. भावाच्या नावावर काहीच नाही, दुकान नानांचं, शेत नानांचं. देऊ शकणारा माणूस मी एकटा, बाहेर कमावणारा. तेव्हा मला यातून काढायचं. कसं, तर परदेशात जाण्याआधी मी ही गाडी भावाला विकली होती असा शंभराच्या बॉन्डवर खरेदीचा कागद करायचा, मागच्या तारखेचा. जुन्या तारखेचा बॉन्ड मिळतो, त्याची सोय तो करणार होता. मी विचारलं, कोर्टात हे टिकेल का. तो खरं बोलला, एवढं मात्र त्याचं मानायला पाहिजे. म्हणाला, टिकायचं नाही बहुतेक, नोंदणीत नाव तुमचंच आहे. पण वाद तर उभा राहतो. चार-पाच वर्षं तारखा पडतात. ती बाई एकटी आहे, थकून जाते, मग थोडक्यात मिटतं.

थकून जाते. हे वाक्य तो चहा ढवळता ढवळता बोलला. मला राग यायला पाहिजे होता. नाही आला. मी मनातल्या मनात मस्कतच्या घराचं भाडं, पोरांच्या फिया, असलं सगळं मोजलं आणि वकिलाला म्हणालो, करू.

नानांनी बॉन्डबद्दल ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की करून टाका. ज्या माणसानं गाडीवरचं माझं नाव काढू दिलं नव्हतं त्यानंच आता, माझं नाव आधीच काढलेलं होतं असं लिहायला सांगितलं. मला त्यांचा संताप आला. मग कळलं की संताप माझाच येतोय. भावानं तर विचारलंही नाही काय लिहिलंय. त्यानं सही करून कागद माझ्याकडं सरकवला आणि बाहेर जाऊन बसला. माझी सही तेवढी राहिली होती.

ती मी त्या दिवशी केली नाही. म्हणालो, उद्या करतो. आणि दुसऱ्या दिवशी परभणीवरून ताडकळसची बस धरली. यात काही मोठेपणा नव्हता. मला त्या बाईचं घर बघायचं होतं. घर बरं असलं, दोन भाऊ-दीर उभे असले, चार माणसं पाठीशी असली, तर परत येऊन बेधडक सही करून टाकायची, असा माझा विचार होता. इतका हलका विचार घेऊन मी त्या बसमध्ये बसलो होतो.

नोटिशीत ताडकळसच्या अलीकडच्या वस्तीचा पत्ता होता, घर सापडायला वेळ लागला नाही. दोरखंडवाल्याचं घर म्हणल्यावर एका म्हाताऱ्यानं हातानं दाखवलं. पत्र्याच्या दोन खोल्या, समोर अंगण. दीर-बीर कुणी नव्हतं. ती बाई, असेल माझ्याच वयाची, अंगणात नायलॉनचा कासरा वळत होती. दोर वळायला दोन माणसं लागतात, एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ द्यायचा. तिनं एक टोक लिंबाच्या झाडाला बांधलं होतं. दोर मधूनच ढिला पडायचा, ती परत जायची, गाठ घट्ट करायची, परत यायची.

मला पाहिल्यावर तिनं पदर सावरला.

"इम्याकडून आलाव का?" तिनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत ती घरात गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की चारचाकीला विमा असतोच, आणि विम्याचा माणूस चौकशीला येतोच. गाडीला विमाच नाही हे तिच्या वकिलानं तिला सांगितलं नसावं, ती वाट बघत होती. पिशवीत नवऱ्याच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स होत्या, दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला. एकेकाच्या तीन-तीन प्रती. तिनं एक संच वेगळा काढून माझ्यासमोर धरला. मी तो हातात घेतला. आधारवरचा तो माणूस हसत नव्हता, कुणीच हसत नाही तिथं, पण त्याचे केस नीट भांग पाडून बसवलेले होते. फोटो काढायला जाताना पाणी लावून विंचरले असतील.

त्याच वेळी निघून जाता आलं असतं. हो म्हणायचं, कागद घ्यायचे, कळवतो म्हणायचं आणि बस धरायची. ते माझ्या मनात आलं, हे लिहून ठेवतो.

"ताई, मी इम्याचा न्हाई," मी म्हणालो. "गाडी माझी हाय. चालवत माझा भाऊ होता. आणि गाडीला इमा नव्हता, संपला होता."

ती ओरडेल, शिव्या घालेल, शेजारपाजार गोळा करेल, असं मला वाटलं होतं. त्याची माझी तयारी होती. तिनं फक्त माझ्या हातातून तो संच परत घेतला, कडा जुळवल्या आणि पिशवीत ठेवला.

"मंग इतके दिवस कुठं व्हते तुमी?"

मी सांगितलं, मस्कतला. ते कुठं आहे हे तिनं विचारलं नाही. ती ओट्यावर बसली. मला बसा म्हणाली नाही. मग सावकाश सांगायला लागली. तिचा वकील तिला म्हणाला होता की बाई, गाडीचा मालक सापडायचा नाही. कागद करतील आणि म्हणतील गाडी आमची नाहीच, केव्हाच विकली. तिला ते खरं वाटलं नव्हतं. माणूस मेला आणि गाडी कुणाचीच नाही, असं कसं होईल, असं ती वकिलाला म्हणाली होती.

"असं कोन म्हननार हाय?" तिनं मला विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी," मी म्हणालो. "मीच म्हणणार होतो. आज सही करायची होती."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला लाज वाटली. आयुष्यात मी बऱ्याच साहेबांपुढं उभा राहिलोय, दोन देशांतल्या. असं कुणापुढं वाटलं नव्हतं. कोर्ट जे म्हणेल ते मी देईन, असं मी म्हणालो. सगळं एकदम जमायचं नाही, पण देईन. माझा आवाज मलाच खोटा वाटायला लागला होता, तिला कसा खरा वाटणार.

"लिहून देता का?" ती म्हणाली.

तिनं पिशवीतून नवऱ्याच्या आधारची एक झेरॉक्स काढली आणि पाठीमागची कोरी बाजू वर करून माझ्यासमोर ठेवली. पेन माझ्याकडं होता. ओट्यावर कागद ठेवून मी गाडीचा नंबर लिहिला. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वालूरचा पत्ता, मस्कतचा पत्ता. अपघाताच्या दिवशी ही गाडी माझ्या मालकीची होती, मी ती कुणालाही विकलेली नव्हती, तिचा विमा भरलेला नव्हता. सही केली, त्या दिवशीची तारीख टाकली. आपण भावाच्या सहीचा बॉन्ड निकामी करतोय, नानांना हे कसं सांगायचं, मस्कतचं काय होणार, हे सगळं लिहिताना डोक्यात होतं. अक्षर वेडंवाकडं आलं.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं शेजारच्या बाईला हाक मारली. ती पीठ भरल्या हातानंच आली आणि कागदाला हात न लावता, वाकून, एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं वाचला. माझं नाव वाचताना अडखळली, परत वाचलं. वाचून झाल्यावर माझ्याकडं एकदा बघितलं आणि निघून गेली.

तिनं कागदाची घडी केली, पिशवीत सगळ्यात खाली घातला, पिशवीला गाठ मारली. मग उठून झाडापाशी गेली आणि ढिला पडलेला दोर परत ताणून बांधायला लागली. मी पुढं होऊन टोक धरायला हात केला, तर तिनं ते माझ्यापासून बाजूला ओढलं.

"आता जावा तुमी," ती म्हणाली.