साहेबांची वीस पावलं

मी घाटकोपरच्या एका शाळेत व्यायामशिक्षक होतो आणि शाळेआधी सकाळी दोन तास एक छोटी व्यायामशाळा चालवायचो. व्यायामशाळा म्हणजे पत्र्याची शेड, खाली लाल माती, भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांच्या जोड्या आणि दाराशी मारुतीची तसबीर. सत्तर सालच्या आगेमागेची गोष्ट. माझं वय तेव्हा बत्तीस. शरीरातलं आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायचं, आणि तसं मी उघड बोलायचोही.

एका सकाळी एक गृहस्थ बूट हातात धरून शेडच्या दारात उभे राहिले. वय पंचेचाळीसच्या पुढे, उंच, पोट किंचित सुटलेलं. मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि आमच्याच भागात, टेकडीखालच्या सोसायटीत राहायचे.

"मास्तर, माझा ड्रायव्हर वीस पावलं कमी पडतोय," ते म्हणाले.

मी त्यांच्या मागे रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. आतला माणूस आरामात विडी ओढत बसला होता. त्याला काय झालंय ते मला कळेना. साहेब मोठ्याने हसले. ड्रायव्हर म्हणजे गोल्फची सगळ्यात लांब काठी, पहिला फटका तिने मारायचा, असं त्यांनी समजावलं. पूर्वी त्यांचा चेंडू दोनशे पावलं सहज जायचा. गेल्या पावसाळ्यापासून तो एकशेऐंशीच्या आसपास पडायला लागला होता.

"सगळे म्हणतात, वय झालं. मला नाही पटत. तुम्ही ताकद करून द्या."

"तीन महिने द्या साहेब," मी म्हणालो. "वीसची पंचवीस करून देतो."

गोल्फ मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. तरी बोललो.

रविवारी त्यांनी मला गाडीतून मैदानावर नेलं. चेंबूरच्या पुढे, टेकड्यांच्या पायथ्याशी ते मैदान होतं. देवनारकडून वारा आला की कचऱ्याचा वास यायचा, आणि त्या वासात हे हिरवंगार गवत. साहेबांचा कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी उचलणारा माणूस, तिथल्याच जुन्या गावठाणातला होता. पन्नाशीचा, गळ्यात क्रूस, दात पानाने लाल. तीस वर्षं तो गोऱ्या आणि काळ्या साहेबांचे फटके बघत आला होता. स्वतः कधी खेळला नव्हता म्हणे, पण मला खात्री आहे की चोरून खेळला असणार.

साहेबांनी फटका मारला. मी पावलं मोजत गेलो. एकशेअठ्ठ्याहत्तर.

"हात मजबूत करायला हवेत," मी परत येऊन म्हणालो.

कॅडी माझ्याकडे बघून हसला. "हातात काय नाय मास्तर. काठी मागं नेताना खांदा पुरा फिरला पायजे. खाली येताना डावी टाच आधी जमिनीला टेकते, मग कंबर वळते, मग खांदा. हात सगळ्यात शेवटी. साहेब हातानं मारतो, म्हणून चेंडू मरतो."

मला एकदम मुद्गल आठवला. जड मुद्गल हाताने फिरवणारा माणूस दहा फेऱ्यांत दमतो. पायातून आणि कमरेतून फिरवणारा शंभर फेऱ्या करतो. मी तिथल्या तिथे कॅडीला ते करून दाखवलं. त्याने मान डोलावली. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून साहेबांना हातात घेतलं. अंग माझ्याकडे, फटका त्याच्याकडे.

रोज सकाळी सहाला साहेब शेडमध्ये यायचे. बैठका पन्नासपासून सुरू केल्या. जोर, दोरीवरच्या उड्या, मग हलक्या मुद्गलांची जोडी. पायांत अंतर ठेवून कंबर डावीकडे-उजवीकडे फिरवायला लावायचो, पाठीवर आडवी काठी धरून. साहेबांना घाम फुटायचा, पण त्यांनी एक दिवस चुकवला नाही. कारखान्यात शेकडो माणसं त्यांचा शब्द झेलत होती, आणि इथे ते माझ्यासमोर लंगोटावरच्या पोरांच्या रांगेत उभे राहून "झाले मास्तर, पन्नास झाले" असं सांगायचे.

दीड महिन्याने रविवारी चेंडू एकशेसत्त्याण्णव पावलांवर पडला. कॅडीने पिशवी खाली टाकली आणि टाळी वाजवली. साहेबांनी आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात टाकले. येताना गाडीत ते सारखे बोलत होते, आणि मी मनातल्या मनात शाळेच्या हेडमास्तरांपुढे हे कसं मिरवायचं ते जुळवत होतो.

तो एकच रविवार तसा आला. पुढच्या रविवारी एकशेनव्वद. नंतर एकशेशहाऐंशी. मी म्हटलं, असं होतं, अंग थकलंय. त्याच्या पुढच्या रविवारी एकशेएकाहत्तर.

मी व्यायाम वाढवला. मला दुसरं काय येत होतं? बैठका शंभरावर नेल्या, मुद्गल जड दिला. साहेबांचा उजवा हात मध्येच ढिला पडायचा आणि मुद्गल मातीत आपटायचा. "धरा साहेब, घट्ट धरा," मी ओरडायचो. ते पुन्हा उचलायचे. एकदा मी त्यांच्या उजव्या दंडाकडे बघत होतो. हात स्वस्थ असताना कातडीखाली बारीक फडफड चालली होती, पाण्याखाली मासोळी हलावी तशी. साहेबांनीही ती पाहिली.

"हे काय मास्तर?"

"स्नायू जागे होतायत साहेब. चांगलं लक्षण आहे."

हे मी पूर्ण विश्वासाने सांगितलं. ते खूष झाले. घरी जाऊन त्यांनी बायकोलाही दाखवलं.

वहिनी एकदा स्वतः व्यायामशाळेत आल्या. तिथे बायका येत नसत, म्हणून त्या रस्त्यावरच उभ्या राहिल्या आणि मला बाहेर बोलावलं.

"मास्तर, यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मी लावून देते. कुणाला सांगू नका म्हणतात. जरा कमी कराल का व्यायाम?"

"अंगदुखी आहे वहिनी," मी म्हणालो. "सवय नव्हती ना इतकी वर्षं. आठ-पंधरा दिवसांत जाईल. आत्ता थांबलो तर केलेलं सगळं वाया."

त्यांनी मान हलवली आणि पदर सारखा करून निघून गेल्या. त्यांना माझं पटलं असं मी धरून चाललो.

त्या रविवारी साहेबांनी फटका मारला आणि काठीच हातातून सुटली. फिरत फिरत ती बरीच पुढे जाऊन गवतात पडली. चेंडू टीवरच होता. टी म्हणजे चेंडू ठेवायची लाकडी खुंटी. बाजूच्या लोकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. साहेब हसले, म्हणाले, "काठी तरी लांब गेली."

कॅडी काठी आणायला गेला, मी त्याच्या मागे गेलो.

"मास्तर, एक बोलू? हे ताकदीचं काम नाय रे. मी दारूडे बघितले, म्हातारे बघितले, सगळ्यांचा फटका बघितला. याचा हात याचं ऐकत नाय. डाक्टरला दाखव."

मला राग आला. पिशवी उचलणाऱ्याने मला शरीराचं शिकवावं! "तू फटक्याचं बघ," मी म्हणालो. "अंग माझ्याकडे आहे."

तो काठीवरची माती पॅंटला पुसत पुसत परत आला.

मी आणखी तीन आठवडे घालवले. शेवटी दवाखान्याचं वहिनींनीच ठरवलं. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात दाखवायचं होतं. साहेबांनी मला बरोबर यायला सांगितलं; डॉक्टरांनी व्यायामाचं विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून. मी वहीत सगळं लिहून नेलं होतं, कुठल्या आठवड्यात किती बैठका, किती जोर.

डॉक्टरांनी वही बघितलीही नाही. त्यांनी साहेबांचा उजवा पंजा हातात घेतला आणि अंगठा नि तर्जनीच्या मधली जागा दाबून पाहिली. तिथे खळगा पडला होता. तो मी रोज बघत होतो. चरबी उतरतेय असं मला वाटत होतं. मग त्यांनी दंडावरची फडफड बराच वेळ पाहिली.

साहेब आणि वहिनी बाहेर बसल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मी घरातलाच कुणी आहे असा त्यांचा समज झाला असावा. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरतायत, ते म्हणाले. आधी हात, मग पाय, मग बोलणं आणि गिळणं. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. औषध नाही.

"आणि ते फडफडणं?"

"त्याचंच. मरणारे स्नायू तसे फडफडतात."

"मी व्यायाम करून घेतला, त्याने झालं का हे?"

"नाही. त्याने झालं नाही. पण दमवलंत त्यांना फार."

मी वही खिशात घातली आणि बाहेर आलो. साहेब बाकावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. "काय म्हणाले?" त्यांनी मला विचारलं, वहिनींना नाही. "नसांचं आहे साहेब," मी म्हणालो. पुढचं माझ्याच्याने बोलवलं नाही. ते त्यांना दोन दिवसांनी कळलं, कुणाकडून ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते शेडच्या दारात हजर.

"मास्तर, आज काय करायचं?"

मी त्यांना मातीवर बसवलं आणि हातपाय हळूहळू वळवून दिले, सांधे आखडू नयेत म्हणून. त्याहून जास्त मला काही येत नव्हतं. बाजूला पोरं धडाधड जोर मारत होती. मला वाटलं, त्यांना आज सुट्टी दिली असती तर बरं झालं असतं.

मैदानावर ते आणखी एकदाच आले. कॅडीने सगळ्यात हलकी काठी काढून दिली आणि त्यांच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून पकड जमवून दिली. "अर्धाच फिरव साहेब. चेंडूला नुसतं सांग, जा म्हणून." साहेबांनी अर्धा फटका मारला. टाच बरोबर टेकली, कंबर बरोबर वळली. इतका सुरेख फटका त्यांनी आधी कधी मारला नव्हता, फक्त त्यात जोर नव्हता. चेंडू घरंगळत गेला.

"मोजा मास्तर," ते म्हणाले.

मी मोजायला गेलो. एकतीस पावलं. परतताना मला वाटलं, चाळीस सांगावं. पण त्यांची नजर माझ्या पायांवरच होती, तेही मोजत होते.

"एकतीस," मी म्हणालो.

"बरोबर," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी ते खुर्चीला खिळले. मी रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी जायचो, हातपाय फिरवून द्यायचो. त्यांचं बोलणं जड झालं होतं. वहिनींना कळायचं, मला निम्मं. एका संध्याकाळी त्यांनी डोळ्यांनी कोपऱ्यातल्या काठ्यांच्या पिशवीकडे खुणावलं. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही मारून दाखवा म्हणतायत."

मी ड्रायव्हर घेऊन त्यांच्यासमोर, खोलीबाहेरच्या गच्चीत उभा राहिलो. इतके महिने दुसऱ्याला शिकवलेलं, पण स्वतः कधी काठी फिरवली नव्हती. फिरवली. साहेबांच्या चेहऱ्यावर नापसंती स्पष्ट दिसली. "टाच," ते म्हणाले. ते मला कळलं. मी टाच सांभाळून पुन्हा फिरवली. मग ते आणखी काहीतरी बोलले. मला समजलं नाही. वहिनींनी कान जवळ नेला, त्यांनाही नाही. साहेबांनी तोच शब्द तीनदा काढला, दर वेळी जास्त जोर लावून, मानेच्या शिरा ताणून. त्यांना घाम फुटला.

"हो साहेब," मी म्हणालो, आणि काठी पुन्हा फिरवली.

त्यांनी डोळे मिटले. मला काहीच कळलेलं नाही, हे त्यांना कळलं होतं.

पुढच्याच महिन्यात ते गेले. तेराव्यानंतर मी एका रविवारी बसने मैदानावर गेलो. कॅडी दुसऱ्या एका साहेबाची वाट बघत झाडाखाली बसला होता. मी त्याची माफी मागितली, तो म्हणाला, "सोड ना यार." मग मी त्याला त्या संध्याकाळचं सांगितलं आणि विचारलं, टाचेनंतर साहेब मला काय सांगत असतील?

त्याने पानाची पिंक टाकली, थोडा विचार केला.

"हळू म्हणला असंल. सगळ्यांना तेच सांगायला लागतंय. जोरात मारायला बघतात."

मी मान डोलावली. पण तो शब्द दोन अक्षरांचा नव्हता. बराच लांब होता.