गाणं नंबर चार

जपानी भाषेतला मला एकही शब्द येत नाही, पण एका जपानी रॉक गायकाचा पहिला सोलो आल्बम मला आख्खा पाठ आहे. तो कुठे श्वास घेतो, तेसुद्धा.

चाहती खरी माझी मुलगी, ऋचा. तेव्हा ती मस्कतच्या इंडियन शाळेत दहावीला होती. मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर तिला हा माणूस सापडला. केस खांद्यापर्यंत आणि डोळ्यांत माझ्या लग्नात मीही घातलं नव्हतं इतकं काजळ.

"आई, त्याचा बँड तुटला. आता तो सोलो आहे."

"मग लग्न कर म्हणावं."

"आई! इट्स सो सॅड!"

माझा नवरा सुधीर मस्कतच्याच गाला भागातल्या एका कंपनीत जपानी जनरेटर दुरुस्त करायचा. त्याच्या ऑफिसातला एक जण ट्रेनिंगला जपानला निघाला. आता आखातात कोणीही कुठेही निघालं, की त्याच्या बॅगेत चार घरांचं सामान असतंच. आजवर आम्ही पापड, लोणची आणि सासूबाईंची मधुमेहाची औषधं मागवली होती. या वेळी सीडी मागवली. ती आली, ऋचाने तिला नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी ती आमच्या सेकंडहँड गाडीच्या प्लेअरमध्ये जाऊन बसली.

पहिलं गाणं म्हणजे मिक्सरमध्ये सुकं खोबरं. दुसरं गाणं म्हणजे तोच मिक्सर, झाकण न लावता. तिसरं मात्र हळू होतं. नुसता पियानो आणि त्याचा आवाज. ते ऐकताना आमच्या घराजवळच्या, अझैबाच्या राउंडअबाउटवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी एक फेरी जास्त मारली. (ऋचाला सांगितलं, वळण चुकलं.) चौथं गाणं म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत आरडाओरडा. या चौथ्यावर सगळ्यांची मतं वेगवेगळी होती.

"तो सोसायटीच्या अगेन्स्ट आहे, आई. सगळे रूल्स तोडा म्हणतो."

"हे तुला कळतं?"

"कळत नाही. फील होतं."

आमची शेजारीण शाहिदा रत्नागिरीची. ती माझ्याबरोबर भाजी आणायला यायची. तिने अर्धं गाणं ऐकलं आणि निकाल दिला, "भाबी, ह्यो बायकोशी भांडताय गो. माझा दीर पन असाच वराडतो."

एका मंगळवारी मी देवळात निघाले होते. देवळात जाताना हे नको, म्हणून मी सीडी बाहेर काढायचं बटण दाबलं. ती येईना. मी व्यवहारी बाई. जुनी बाहेर येत नसेल तर नवी आत सारावी, आपोआप जागा होईल, असा विचार करून मी गणपतीच्या स्तोत्रांची सीडी फटीत दाबली. ती अर्धी आत गेली आणि थांबली. मग मी पर्समधला भुवयांचा चिमटा घातला. चिमट्याने स्तोत्रांची सीडी निघाली, पण तिने आतलं काहीतरी कायमचं अडकवलं. निदान आवाज तरी कमी करावा म्हणून बटण फिरवायला गेले, तर ते हातात आलं! आवाज ऋचाने ठेवला होता तिथेच राहिला. ऋचा आवाज कुठे ठेवते हे अख्ख्या अझैबाला माहीत होतं.

त्या दिवसापासून गाडी सुरू केली की गायक सुरू व्हायचा. देवळाच्या पार्किंगमध्ये लोक वळून बघायचे. पेट्रोल पंपावरचा माणूस लांबूनच ओरडायचा, "यल्ला, म्युझिक मॅडम आली!"

"तू इंजिनियर ना?" मी सुधीरला म्हटलं. "काढ ते."

"मी जनरेटर दुरुस्त करतो. सीडी प्लेअर नाही."

"मग फ्यूज काढ."

"काढतो. पण या गाडीत त्याच फ्यूजवर एसी आहे."

जून महिना होता. आम्ही एसी ठेवला.

आणि त्याच जूनमध्ये जपानहून मोरितासान आले. जनरेटर कंपनीचे मोठे साहेब. सर्व्हिस सेंटर गालात ठेवायचं की दुबईला हलवायचं, हे ते ठरवणार होते. दुबईला गेलं तर सुधीरची नोकरी दुबईला, म्हणजे आम्ही दुबईला, म्हणजे ऋचाची शाळा ऐन दहावीत बदलणार. सुधीरच्या अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकाने, फर्मान काढलं, "साहेबांना घरी जेवायला न्या. हॉटेलचं खाऊन माणसाचं डोकं फिरतं."

संध्याकाळी पाच वाजता सुधीरचा गालाहून फोन. "वर्कशॉपची साफसफाई संपत नाहीये. तू साहेबांना कुरुमच्या हॉटेलवरून घेऊन ये."

"त्या गाडीतून?"

मग तो म्हणाला, "रस्ताभर तू बोलत राहा. तुझा आवाज मोठा आहे."

मोरितासान वाकून गाडीत बसले. साठीचे, करड्या सुटातले, इस्त्रीच्या घडीसारखे सरळ. मी किल्ली फिरवली आणि मिक्सर सुरू झाला. साहेब दचकले नाहीत. फक्त त्यांचा चष्मा किंचित खाली आला.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. इतके दिवस या गाडीत बसलेल्यांपैकी कुणालाच शब्द कळत नव्हते. आज पहिल्यांदा, ज्याला सगळं कळतं, असा माणूस बसला होता! आणि चौथं गाणं यायचं होतं. त्यात शिव्या असल्या तर? सेंटर दुबईला, ऋचा दुबईला, आणि कारण म्हणून मी.

मी बोलायला लागले. "दॅट साइड, बीच! दिस साइड, पेट्रोल पंप! दॅट, अनदर पेट्रोल पंप!" साहेब प्रत्येक पंपाला मान झुकवत होते. चौथं सुरू झालं. मी गायकाच्या वर आवाज काढून मस्कतमधल्या टोमॅटोचे भाव सांगितले. गायकाने माघार घेतली नाही.

गाणं संपता संपता साहेबांनी विचारलं, "यू लाइक?"

आता पाहुण्यासमोर पाहुण्याच्या देशाच्या गायकाला नाही कसं म्हणायचं? "व्हेरी मच!" मी म्हणाले. "माय फेव्हरेट!"

घरी पोचल्यावर मी झाली चूक जेवणात भरून काढायचं ठरवलं. पुरणपोळ्या केल्या होत्या. मोरितासाननी एक संपवली, मी दुसरी वाढली. त्यांनी मान झुकवली. मान झुकवली म्हणजे हो, म्हणून मी तिसरी वाढली. त्यांनी आणखी खाली मान झुकवली. त्यावर तूप.

"अहो, घ्या की! एवढीशी तर आहे!"

सुधीर टेबलाखालून मला लाथ मारत होता. मी ती लाथ 'अजून वाढ' अशी समजले. साहेब पोळी खात होते, घाम पुसत होते आणि प्रत्येक वेळी आणखी थोडे वाकत होते. शेवटी तर त्यांचं कपाळ ताटाला टेकायचंच बाकी राहिलं.

एवढ्यात ऋचाने विचारलं, "सर, ट्रॅक फोर. इट्स अगेन्स्ट सोसायटी, राइट?"

मी डोळे वटारले. उशीर झाला होता. साहेबांनी हातातली पोळी खाली ठेवली. (सुटका झाल्यासारखी ठेवली, असं आता वाटतं.) मोजक्या इंग्रजीत, एकेक शब्द तोलत ते म्हणाले, "नो. सन इज टॉकिंग टू मदर."

"काय बोलतोय?" आम्ही तिघंही पुढे सरकलो.

मुलगा शहरात एकटा राहतो. तो आईला सांगतो, मी वेळेवर जेवतो. थंडी आहे, पण कोट आहे. आणि लोणचं पाठवू नकोस. गेल्या वेळचं सांडलं. सगळे शर्ट लाल झाले.

"एवढ्यासाठी तो इतका ओरडतो?" सुधीर म्हणाला.

"न्यू शर्ट्स," साहेब गंभीरपणे म्हणाले.

ऋचाचा चेहरा बघवेना. मी धीर करून तिसऱ्या गाण्याबद्दल विचारलं. ते माझं रडायचं गाणं.

"बायसिकल," साहेब म्हणाले. "स्टोलन."

मी एका चोरीला गेलेल्या सायकलसाठी राउंडअबाउटला फेरी मारली होती! पण साहेब मात्र आता हसत होते. ताटातल्या लोणच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे तुमच्या आईचं? हो म्हटल्यावर त्यांनी एक फोड चोखून खाल्ली आणि डोळे मिटले.

झालं. डोळे मिटलेले बघून मी उठलेच. बरणी भरली, झाकणाला चिकटपट्टी लावली, त्यावर पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी.

"अगं, आत्ताच काय ऐकलंस तू?" सुधीर मराठीत कळवळला.

"त्याच्या आईला बांधता येत नसेल. माझं पॅकिंग आजवर सांडलेलं नाही."

मोरितासाननी दोन्ही हात नाही-नाही असे हलवले आणि मग मान झुकवली. मी मान तेवढी धरली.

दोन दिवसांनी सुधीरला ऑफिसात फोन आला. घरी आला तेव्हा तो पांढराफटक.

"काय झालं? दुबई?"

"नाही. सेंटर गालातच राहणार. नक्की झालं."

"मग तोंड का असं?"

"साहेबांचा तुझ्यासाठी निरोप आहे. म्हणाले, मॅडमना फक्त एवढंच सांगा: गाणं नंबर चार."

मी स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. करडा सूट होता हो तो!

पुढे आम्ही गाडी विकली. सीडी तिच्याबरोबर गेली. ऋचाला तोवर दुसरा कोणीतरी गायक आवडायला लागला होता, त्यामुळे हळहळले ती मीच. अझैबा ते कुरुम हे अंतर मी अजूनही गाण्यांत मोजते.

ऋचा आता पुण्याला होस्टेलवर असते. परवा मी फोन केला. जेवलीस का, थंडी आहे का, स्वेटर घालतेस का, हे सगळं झालं. मग म्हटलं, "इथून एक जण पुण्याला निघालाय. त्याच्याबरोबर लोणचं पाठवते. तीन पिशव्यांत बांधलंय."

"आई," ती म्हणाली, "गाणं नंबर चार." आणि फोन ठेवला.

त्या गायकाच्या आईसाठी निदान एक आख्खं गाणं झालं. माझ्या वाट्याला नुसता नंबर!