लमोमचा आवाज घरोघरी

संध्याकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी स्टुडिओतले पंखे बंद होत आणि लमोमच्या अंगातलं उरलंसुरलं बळही त्यांच्याबरोबर जाई. पंख्यांची घरघर माइकमध्ये शिरते, म्हणून हा नियम. डोक्यावर दिव्यांची नुसती भट्टी.

बँकॉकमध्ये टेलिव्हिजन येऊन दोनच वर्षं झाली होती. सगळं थेट चाले. दर आठवड्याला नवं नाटक, नटांना पाठांतराला वेळ नाही. म्हणून प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य लमोम आधी कुजबुजायची आणि नट ते मागून म्हणायचे. नवऱ्याचं, सासूचं, चोराचं, भुताचंसुद्धा. बाई एकटी, पण दर आठवड्याला अख्खं घर बोलून दाखवायची. तरुणपणी ती फिरत्या नाटक कंपनीत गायची. पुढे गळा बसला, तो कुजबुजण्यापुरताच उरला. आता बावन्नाव्या वर्षी सकाळपासून तालमी करून संध्याकाळी तिला स्वतःचं नावही उच्चारायचा कंटाळा येई.

आईच्या भूमिका चमॉय करायची. वय त्रेसष्ट. त्या जुन्या कंपनीत लमोमला रंगमंचावर उभं राहायला हिनेच शिकवलेलं. गेले तीन महिने चमॉयला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट फक्त लमोमला माहीत होती. त्यासाठीच ती सेटमागची जागा सोडून कॅमेऱ्याच्या पायाशी जमिनीवर बसू लागली होती. चमॉय तिच्या ओठांकडे बघायची आणि बोलायची.

त्या संध्याकाळी आधी वाद्यवृंद झाला, मग पितळी नखं लावलेल्या मुलींचा नाच. विनोदी जोडी उभी राहिली, तेवढ्यात दिग्दर्शक वीरात लमोमजवळ आला.

"लमोमताई, आज इथे बसू नका. कॅमेरा पुढे सरकणार आहे, चाकाखाली याल. सोफ्यामागे जा."

"साहेब, मागून सगळ्यांना नीट ऐकू जात नाही हो."

"आधी मागेच बसत होतात ना? जात होतं की. उठा, वेळ नाहीये."

गुडघ्यावर हात टेकून ती उठली. चमॉय खुर्चीत पावडर लावून घेत होती.

"तोंड का उतरलंय गं? नवऱ्याने दुसरी आणली की काय?"

"आणली तर बरंच, तिच्या हातचा भात तरी मिळेल." मग लमोमने ओठ सावकाश हलवले. "ताई, आज मी मागे बसणार. सोफ्यामागे."

चमॉय म्हणाली, "म्हणजे आज आई मुकी."

नाटक सुरू झालं. पहिला प्रवेश बाकीच्यांचा होता, तो निभावला. दुसऱ्यात मुलीचं काम करणारी रवीवान आईसमोर गुडघे टेकून म्हणाली, "आई, मी हे घर सोडून चालले."

सोफ्यामागून लमोम कुजबुजली, "जा, पण माझ्याकडे बघून जा."

चमॉय गप्प.

लमोम पुन्हा कुजबुजली. पुन्हा शांतता. रवीवानच्या कपाळावरून घाम ओघळला. तिसऱ्यांदा मात्र लमोमचं भान सुटलं आणि तिने ते वाक्य मोठ्याने म्हटलं. तिचा घोगरा आवाज माइकमधून शहरातल्या घराघरांत गेला.

चमॉयला तोही ऐकू आला नाही. पण समोरच्या पोरीच्या डोळ्यांतली घाबरगुंडी तिला दिसली. तिने रवीवानच्या केसांवरून हात फिरवला आणि नाटकात नव्हतं तेच बोलली, "भात झालाय. जेवून जा."

लमोमने हातातली संवादांची वही मिटली. तिथून पुढे तिने वहीतलं काहीच सांगितलं नाही. चमॉय मनाने जे बोलेल, त्याला जुळेल असं उत्तर ती रवीवानला, मग नाटकातल्या बापाला, मग भावाला तिथल्या तिथे रचून देत गेली. मुलगी जेवली, रडली आणि शेवटी घर सोडून गेलीच. नाटक बरोबर वेळेत संपलं.

दिवे मालवल्याबरोबर वीरात धावत आला. "ताई, फोनवर फोन येताहेत! त्या घरात दुसरी बाई कोण बोलली, म्हणून लोक विचारताहेत. काय उत्तर देऊ?"

"चूक माझी, साहेब. थकले होते, भान राहिलं नाही."

चमॉय दोघांची तोंडं बघत होती. शब्द कळले नसले तरी कोण कोणाला बोलतंय ते तिला कळलं.

"तिला रागावू नका. मला ऐकू येत नाही. तीन महिने झाले."

वीरात सोफ्याच्या हातावर बसला. मग तिच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही मला आई केलं असतं?"

वीरात म्हणाला, "न बोलणाऱ्या आजीचं काम देईन. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला भावाची पपनसांची बाग आहे माझ्याकडे," चमॉय म्हणाली. दोन्ही हात जोडून तिने त्याला नमस्कार केला आणि तोंडावरची पावडर पुसायला घेतली.

नदी ओलांडताना होडीत दोघी शेजारी बसल्या. अंधारात लमोमचे ओठ दिसत नव्हते, त्यामुळे बोलायची सोयच नव्हती. दिवसभर बोलून थकलेल्या लमोमला त्याचं बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. तिने चमॉयचा हात धरून ठेवला.

पंधरवड्यात चमॉय राच्चबुरीला, भावाकडे, निघून गेली. तिच्या जागी आलेल्या बाईचे कान इतके तिखट, की लमोमची कुजबूजही तिला मोठी वाटली. पहिल्याच तालमीला ती म्हणाली, "मावशी, जरा हळू सांगा ना, कान दुखतात."

लमोमने मान डोलावली आणि पहिलं पान उघडलं.