नळावरची रांग आणि घरांची सोडत

मंडळी, आज भाड्याच्या सरकारी घरांची सोडत होती. थेरगावच्या आमच्या चाळीतून मी आणि शेजारच्या कविताताई गेलो होतो. माझा नंबर लागला, त्यांचा नाही.

मी एकटा माणूस. त्यांच्या मुलीला दमा आणि खोली पत्र्याची. मला राहवेना. स्टेजवरच्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "सोडतीत सगळे सारखे, भाऊ."

राव, आमच्या चाळीत नळ एकच. पण तिथे सगळे सारखे नसतात. फर्स्ट शिफ्टवाल्याचा हंडा आधी भरतो आणि बाळंतिणीच्या घरचा त्याच्याही आधी. एरवी बादलीवरून डोकी फुटतील, पण यावर कुणी ब्र काढत नाही.

हेच मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढ्या लोकांत कुणाची गरज मोठी, हे ठरवणार कोण?"

मागून कविताताई म्हणाल्या, "या की सकाळी नळावर, दाखवते."

घर मी सोडणार नाही, उगाच मोठेपणा कशाला? पण सोडतीआधी गरज बघा, असा अर्ज उद्या देणार म्हणजे देणार.

तुमच्या नळावर पहिला हंडा कुणाचा असतो? खाली लिहा. सगळं अर्जाला जोडतो.