गार पडला

शीतगृहाच्या यंत्रघरात मिस्त्रीनं अर्धं आयुष्य काढलं. कंप्रेसरचा आवाज बदलला की गडी भरल्या ताटावरून उठायचा. पण यंत्रघराचा प्रमुख व्हायचं तर तोंडी परीक्षा, आणि तिथं तो दोनदा आपटला होता. यंदा आपटला तर ज्याला पाना धरायला शिकवलं, त्याच्याच हाताखाली राबावं लागणार होतं.

आडवा यायचा एकच शब्द. रुद्धोष्म.

शिकवायला मेव्हणी होती. शाळेत विज्ञान शिकवायची, तोंडाची फटकळ.

“समतापी म्हणजे वायू हळूहळू पसरतो, बाहेरून उष्णता घेत राहतो, म्हणून तापमान तेच. समजलं, दाजी?”

“समजलं.”

“रुद्धोष्म म्हणजे उष्णता अडवलेली. आता पसरला तर?”

“तापेल.”

“का म्हणून?”

“कोंडल्यावर उकडतंच. दारं लावून बस, कळेल.”

मेव्हणीनं कपाळावर हात मारला. “अक्कल कोंडलीय तुमची. उष्णता बाहेरून यायची बंद झालीय. वायूला समोरचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, तर ढकलायचाच आहे. बळ कुठून आणेल?”

आतून बायको म्हणाली, “उपाशीपोटी गाडा ढकलल्यावर तुमचं जे होतं, तेच त्याचं होईल.”

“गार पडेल,” मिस्त्री म्हणाला.

“बरोबर. आता तिसरा प्रकार...”

“समजलं, समजलं,” म्हणत तो उठलाच. मग आठवडाभर चालता-बोलता तेवढंच घोकत राहिला. उष्णता अडवली, वायू पसरला, गार पडला.

परीक्षकानं विचारलं, “उष्णता आत-बाहेर जाणार नाही अशी पेटी. मधे पडदा. एकीकडे आदर्श वायू, दुसरीकडे पोकळी. पडदा फाटला, वायू पसरला. तापमानाचं काय?”

“गार पडला,” मिस्त्री छाती काढून म्हणाला.

“पुढच्याला पाठवा.”

घरी मेव्हणीनं सगळं ऐकून घेतलं. “पलीकडे ढकलायला होतं कोण, दाजी?”

“कोणी नव्हतं. मोकळंच होतं.”

“मग बळ कशावर खर्ची पडलं? तापमान तेच राहणार.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“तोच तिसरा प्रकार. तुम्हाला उठायची घाई.”

मिस्त्रीनं पायातला बूट काढून भिंतीवर हाणला. बूट मुकाट खाली पडला.

दुसऱ्या सकाळी यंत्रघरात नवा प्रमुख खाली बघत म्हणाला, “कंप्रेसर वेगळाच वाजतोय. तुम्हीच बघता का जरा?”

मिस्त्रीनं पाना उचलला. “बघतो, साहेब.”

‘साहेब’ म्हणताना दाताखाली खडा आल्यासारखं तोंड झालं.