बसून करायचं काम

आमच्या मेहुण्याइतका चालणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्याच्या नोकरीच्या अर्जात पायाचा प्रश्न आला तिथे 'निरंक' लिहून मोकळा होणारा माझ्यासारखा शहाणाही झाला नसेल. माझी बाजू एवढीच की मी तेव्हा नेवाशाला कचेरीत कारकून होतो, आणि ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नाही तिथे निरंक लिहायचं हे कारकुनाच्या हातात इतकं मुरलेलं असतं की डोक्याला कळवायची गरज पडत नाही. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, तिसगावहून आला, कोरा अर्ज माझ्यापुढे ठेवून "दाजी, तुमचं अक्षर चांगलं हाय" म्हणाला, आणि मी फुगून लिहीत सुटलो. नाव, गाव, शिक्षण, आणि मग 'काही आजार अथवा शारीरिक व्यंग असल्यास तपशील द्यावा'. निरंक. सही करण्यापूर्वी त्याने अर्ज उचलला, खोलीत येरझाऱ्या घालत वाचला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "दाजी, एवढा थोरला पाय तुमी निरंक केला?"

लहानपणी आलेल्या तापात त्याचा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला होता. एक पाऊल पडायचं आणि दुसरं ओढत यायचं. त्या आवाजावरून, तो गल्लीच्या तोंडाशी वळला की आमच्या घरी चहाचं आधण चढायचं. दुसऱ्या कुणाचा पाय असा असता तर तो माणूस जरा कुठे टेकला असता. हा टेकत नसे. चहाचा पहिला घोट स्वयंपाकघरात, दुसरा पडवीत, आणि बशी नंतर आम्हाला तुळशीपाशी सापडायची. जेवताना दोन घास झाले की "मीठ आणतो" म्हणून उठायचा. मीठ ताटातच असायचं. लग्नात त्याला पंगतीला बसवलं की वाढप्याच्या हातातली आमटीची बादली काढून घ्यायचा आणि शेवटची पंगत उठेपर्यंत परत द्यायचा नाही. एसटीत जागा असली तरी उभा, आणि गाडी थांबेल तिथे पाय मोकळे करायला खाली. एकदा गाडी त्याला घोडेगावात विसरून निघाली. ही आत रडकुंडीला आली. पुढे चाक पंक्चर होऊन गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, तेवढ्यात हा मागून चालत आला आणि ड्रायव्हरलाच म्हणाला, "चला आता, किती उशीर करायचा माणसानं?" जत्रेत तंबूतला सिनेमा आला की तो तंबूच्या चारी बाजूंनी पाहायचा, शेवटी पडद्याच्या मागे जाऊन उभा राहायचा. तिथून काय दिसतं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मागनं सगळे डावरे दिसत्यात. मला बरं वाटतं."

हे चालणं कुठून आलं, हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही बोलता बोलता आमच्या अंगणातल्या लिंबाला फेऱ्या मारत. "दाजी, लहानपणापासनं ज्यो त्यो एकच सांगतोय, तू बस. खळ्यावर बस, वसरीत बस, पोरं खेळत्यात ते बघत बस. लई बसलो." एवढं बोलून तो लिंबाच्या पलीकडे गेला, आणि पुन्हा पुढून आला तेव्हा पावसाबद्दल बोलत होता.

शेत थोरला भाऊ करत होता. भाऊ चांगला, भावजयही चांगली; पण दोघांचं चांगलेपण रोज ताटात वाढून घ्यायचं म्हणजे माणसाला जेवण उतरत नाही. मॅट्रिक तर तो माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी झाला होता, ही गोष्ट हिने आमच्या संसारात कधी जुनी होऊ दिली नाही. शाळेत अर्ज केला, पोस्टात केला, आणखी दोन-तीन ठिकाणी केला. सगळीकडे तो आजाराचा नि व्यंगाचा रकाना होता, सगळीकडे याने पायाचं खरं लिहिलं, आणि सगळीकडून अर्ज विहिरीत पडल्यासारखे गप्प झाले. मग दुष्काळाच्या आधल्या साली आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून घ्यायचे निघाले. उसाची गाडी काट्यावर येणार, याने खिडकीआड खुर्चीत बसून वजन लिहायचं, पावती फाडायची. पगार, राहायला खोली, आणि खोली मिळाली की लग्नाचंही बघता येणार होतं. त्याने हे सगळं मला उभ्याउभ्या सांगितलं. मला मनातून धाकधूक एवढीच, की हा खुर्चीत बसणार कसा? खरं तर त्याला त्या कामाला नालायक ठरवणारं एक खणखणीत कारण होतं, आणि ते अर्जात कुणी विचारलंच नव्हतं.

मी म्हणालो, निरंक राहू दे, निदान मुलाखतीला तरी बोलावतील. त्याने ऐकलं नाही. आणि एकदा खरं लिहायचं ठरल्यावर त्याला अर्धंमुर्धं खरं चालेना. माझं निरंक खोडलं, अर्जाला जोडायला नवा कागद घेतला आणि उभ्यानेच खिडकीच्या कठड्यावर स्वतः लिहिलं: डावा पाय आखूड व बारीक. तसेच उन्हाळ्यात नाकाचा घोळणा फुटतो. झोपेत बोलतो असे भाऊ म्हणतात, मी स्वतः ऐकलेले नाही. जावळ काढताना लागलेल्या कात्रीची खूण कानामागे आहे. भेंडी पचत नाही. मी कपाळाला हात लावला. ही पदराआड हसत होती, आणि हसतानाच तिने देवापुढे साखर ठेवलेली मी पाहिली.

आश्चर्य म्हणजे बोलावणं आलं. त्याने मध्येच उठून निघून जाऊ नये म्हणून हिने मला सोबत धाडलं. बाहेर बाकावर पोरं बसली होती; हा व्हरांड्याच्या या टोकाहून त्या टोकाला जात होता, आणि त्याच्या फेऱ्यांनी बाकीच्यांचाही धीर सुटत चालला होता. त्याचं नाव पुकारलं तेव्हा मी उघड्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आत तिघं होते, एक साहेब, एक फेटेवाले संचालक आणि कारखान्याचे डॉक्टर. वजनाचे, बेरजांचे प्रश्न झाले, त्याने फडाफड उत्तरं दिली. साहेब खूश दिसले. मग डॉक्टरांनी तो जोडकागद काढला.

"भेंडीचं कशाला लिहिलंय?"

"तुमी इचारलं हुतं."

संचालक खुदकन हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते मागे रेलून म्हणाले, "जरा चालून दाखवा."

आयुष्यभर कुणी न सांगता चालत आलेला माणूस पहिल्यांदा जागच्या जागी थांबला. मला वाटलं, आता हा दार उघडून थेट तिसगाव गाठतो. पण त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, डोक्यावरून पदरासारखा घेतला, त्याचं टोक चिमटीत धरलं आणि मान खाली घालून, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलगी चालते तसा त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत हळूहळू चालला. एक पाऊल पडत होतं, दुसरं ओढत येत होतं. टेबलासमोर येऊन त्याने तिघांना वाकून नमस्कार केला आणि बारीक आवाजात म्हणाला, "सैपाक येतो. शिवान बी येतं. केस सोडून दाखवू का?"

संचालक फेटा सांभाळत हसले. साहेब कागदात बघत हसले. मीही खिडकीबाहेर हसलो. डॉक्टर तेवढे लालेलाल झाले. मग याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "डॉक्टरसाहेब, काम बसून करायचं हाय. बसून बघा की माझं." आणि समोरची खुर्ची ओढून तो बसला. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी त्याला इतका वेळ बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी साहेबच, ठीक आहे, कळवू, असं म्हणाले, तेव्हा तो उठला.

कळवलं. शारीरिकदृष्ट्या अपात्र, एवढंच. पत्र त्याने आमच्या अंगणात वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि लिंबाला फेऱ्या मारत राहिला. हिने जेवायला तीनदा हाक मारली.

पुढच्या साली दुष्काळ पडला. रस्त्याच्या कामावर हजेरी घ्यायला माणसं कमी पडत होती. खडी फोडणाऱ्यांच्या रांगेवरून दिवसभर उन्हात इकडून तिकडे हिंडायचं काम. तिथे याला ठेवून घेतलं. पायाचं कुणी काही विचारलं नाही. हे काम टिकणारं नव्हतं, खोली नव्हती, लग्नाचंही पुढे ढकललं गेलं. पण रविवारी यायचा तो रापलेला, धुळीने माखलेला, आणि एके रविवारी चक्क ओट्यावर टेकला. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. तेवढ्यात तो उठलाच.

घरी पाहुणे आले की मी ही मुलाखतीची गोष्ट सांगतो, आणि सांगताना टॉवेल डोक्यावरून घेऊन चालूनही दाखवतो. लोक पोट धरून हसतात. परवाही हसले. ते गेल्यावर कपबशा गोळा करता करता ही म्हणाली, "तुमचं ते चालणं चुकतं. एवढं ऐटीत न्हाई चालत कुणी. मान खाली असती, म्हणून समोरच्या सगळ्यांचे नुसते पाय दिसत्यात. मला बघायला आला होतात, तुमच्या आत्यांनी मला चालवलं, तवा तुमचेही दिसले होते. मांडी घालून पोहे खात होतात. मला एवढंच वाटत होतं, यांना कुणी उठून चालायला का सांगत न्हाई?"